पिवळ्या दिव्याची मीमांसा

चहा घ्या तुम्ही, मी सांगत राहतो. मात्र एक विनंती आहे. हकीकत संपेपर्यंत कुणीही माझ्याकडे सहानुभूतीने पाहू नये. आयुष्यात माझ्या हातून झालेल्या चुकांची मी मनाशी एक वर्गवारी केली आहे आणि तीत ही चूक अगदी वरच्या पायरीवर बसते. आजही रस्त्यात कुणाच्या मोटारीचे बॉनेट उघडलेले दिसले, की मी मुकाट्याने पलीकडच्या बाजूने चालू लागतो.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी लोकसाहित्याचा अभ्यासक. गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे माझा मुक्काम होता. भाताच्या रोवणीची गाणी आणि वाटेवरच्या देवांचे आचार गोळा करणे हे माझे काम. दवाखाना चालवीत होत्या डॉक्टर कुंदाताई. मूळच्या नागपूरच्या, वयाने माझ्याहून लहान आणि बोलण्यात माझ्याहून पुष्कळ मोठ्या. त्यांनी मला राहायला एक खोली दिली होती आणि दवाखान्याची गाडी खेड्यांवर निघाली की तीत एक जागा.

या गाडीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझी अब्रू तिच्यातच गेली. जर्मनीतल्या कुणा दानशूर मंडळींनी ती दवाखान्याला भेट दिली होती. पांढरी, लांबलचक, आणि स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, मी बसत असे. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यांना वाटे की हा चष्मेवाला माणूस हाताची घडी घालून गाडी चालवतो आहे. पुष्कळ जण घाबरून गाडी शेतात घालीत. मला त्याचा थोडा अभिमान वाटे, हेही कबूल करतो.

पण तिची खरी नवलाई होती ब्रेकमध्ये. तिला अँटिलॉक ब्रेक होते. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागच्या जागी जाम होऊ नये, गाडी घसरू नये, म्हणून ब्रेकच्या तेलाला एक छोटा विजेचा पंप जोडलेला असतो. गाडी सुरू होऊन दोन पावले गेली, की त्या पंपाची मोटर एकदा घुर्र करून स्वतःची परीक्षा घेई. सारे ठीक असेल तर गप्प बसे. ठीक नसेल, किंवा पुढे वाटेत कधी बिघडले, तर समोर एक पिवळा दिवा लागे. दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतातच. पण देणाऱ्यांनी बजावले होते की दिवा लागलेला असताना गाडीत रुग्ण बसवू नयेत, आणि कुंदाताईंनी तो दवाखान्याचा कायदा करून टाकला होता.

गाडी चालवायचा सुखदेव. डोळ्याला काळा चष्मा, खिशात कंगवा, आणि चंद्रपूर ते सिरोंच्यापर्यंत आपल्यासारखा ड्रायव्हर नाही अशी ठाम समजूत. आसपासच्या गावांत अँटिलॉक ब्रेकचा अर्थ त्यानेच लोकांना समजावून दिला होता. "बुरेक मारला का आतून वाघ गुरगुरते," तो सांगे, "मंग चाकाची हिंमत नाई घसराची."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दवाखान्यापासून थोड्या अंतरावर, मोहाच्या झाडाखाली, हिरव्या पानांचा नि डहाळ्यांचा एक ढीग होता. तो वाटेवरचा देव. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक डहाळी मोडून तिथे ठेवायची आणि मग पुढे जायचे. प्रवास सुखाचा होतो. गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा हा आचार पाळीत, आणि नेमका तोच माझा विषय होता. सुखदेव तिथे गाडी थांबवी, मी माझा टेपरेकॉर्डर पुढे करी, आणि तो डहाळी ठेवताना जे पुटपुटे ते ध्वनिमुद्रित करी. आधी हे यंत्र सेलवर चाले. पुढे सेल संपले, मुलचेऱ्याच्या बाजारातही मिळेनात, म्हणून मी त्याला गाडीतूनच वीज घेण्याची सोय केली. किरकोळ बाब आहे, पण सांगून ठेवतो.

अशाच एका सकाळी ढिगापाशी थांबलो. मी प्लग खोचला, मुद्रण केले. सुखदेवने गाडी हलवली. मोटर घुर्र झाली, पण नेहमीसारखी दमदार नव्हे. घसा बसलेल्या माणसासारखी.

"सर, दिवा लागला."

"कोणता?"

"पिवळा. बुरेकचा." त्याने ढिगाकडे मान वळवली. "आज वाळकी डहाळी ठेवली मी. त्याले नाई आवडली."

मी हसलो. कसा हसलो असेन, याची तुम्हाला कल्पना येईल. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, यावर मी त्याला दवाखाना येईपर्यंत व्याख्यान दिले. दवाखान्यात गाडी थांबली, मी माझे यंत्र गुंडाळून खोलीत नेले. दुपारी सुखदेवने गाडी पुन्हा चालू केली, तर दिवा नाही.

पुढच्या फेऱ्यांत हेच. दवाखान्याच्या आवारात दिवा नसे. ढिगापाशी पोचलो, मी मुद्रण केले, की दिवा हजर. परत आलो की गुप्त.

"उंदीर," कुंदाताई म्हणाल्या. "वायर कुरतडली असेल. या दवाखान्यात जे जे बिघडते ते उंदरांमुळे बिघडते. सर, तुम्हाला जर्मन येते ना? ते गाडीचे पुस्तक वाचा आणि काय ते शोधून काढा. मला मैनाबाईंना चंद्रपूरला न्यायचे आहे."

मैनाबाई म्हणजे शेजारच्या गावातल्या वृद्ध गायिका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चंद्रपूरला डोळ्यांचे शिबिर भरणार होते, मोठे शल्यविशारद येणार होते, आणि मैनाबाईंचे नाव कुंदाताईंनी खटपट करून त्यात घातले होते. ही तारीख चुकली तर पुन्हा शिबिर कधी भरेल ते कुणी सांगू शकत नव्हते, आणि तोवर त्यांच्या डोळ्यांत जो थोडा उजेड उरला होता तो उरला नसता. मला त्यांच्याविषयी खरोखर जिव्हाळा होता. शिवाय त्यांच्यापाशी रोवणीचे एक जुने गाणे होते, जे त्या मला काही केल्या म्हणून दाखवीत नव्हत्या. "आंधळ्या माणसानं वावराचं गानं काय म्हनाचं जी?" त्या म्हणत. "दिसू द्या, मंग पाहू."

जर्मन मी शिकलो होतो ते तिकडच्या लोककथांवरचे ग्रंथ वाचण्यासाठी. तरी गाडीचे पुस्तक मला समजले. ते नीट समजले, हेच या प्रकरणातले दुःख आहे. त्यात स्पष्ट लिहिले होते: दिवा लागल्यास पंपाच्या मोटरीला पुरेशी वीज पोचते का ते आधी पाहावे. फ्यूज पाहावा, रिले पाहावा, अर्थिंगची वायर घट्ट आहे का ते पाहावे. मी एका बल्बला दोन तारा जोडून तपासणीचा दिवा तयार केला, सुखदेवकडून आवारात गाडी उभी करवली आणि बॉनेट उघडले. सुखदेव विदेशी इंजिनाला हात लावीत नसे. तो मागे उभा राहून पाहत होता.

"सर, हे दोन चिमटे कायचे हाये?"

"ते माझे आहेत. टेपरेकॉर्डरचे."

"असं काय. मंग ठीक."

मीही म्हटले, ठीक. त्या चिमट्यांभोवतीची धूळ मी रुमालाने पुसलीसुद्धा. मग मोटरीपर्यंत वीज येते का पाहिले. येत होती. फ्यूज शाबूत, रिले टक करून वाजत होता, अर्थिंगची वायर घट्ट. माझा टेपरेकॉर्डर त्या वेळी खोलीत टेबलावर, अंगावर शाल घेऊन बसला होता. दोष कुठेच नव्हता.

आता माझ्यातला अभ्यासक जागा झाला. जी गोष्ट एका जागी घडते आणि दुसऱ्या जागी घडत नाही, तिची पद्धतशीर पाहणी करावी लागते. स्थळ कोणते, प्रसंग कोणता, कथन करणारा कोण, ऐकणारे कोण? मी ठरवले की मोटरीच्या घुरघुरीचेच ध्वनिमुद्रण करायचे. निरोगी आवाज आणि आजारी आवाज शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची. हे माझ्या शास्त्राला धरूनच होते. पाठभेद मिळाल्याशिवाय मूळ पाठ सापडत नाही.

तर आम्ही ढिगाकडे फेऱ्या मारू लागलो. प्रत्येक फेरीत मी ढिगापाशी यंत्र लावी आणि प्रत्येक फेरीत मला फक्त आजारी आवाजच मिळे. निरोगी पाठ काही केल्या हाती लागेना. यंत्र न लावता गेलो असतो, तर तो लगेच मिळाला असता. पण मुद्रण केल्याशिवाय पुरावा कसा होणार? सांगा मला. तुम्हीही असेच केले असते की नाही? नसते केले, मला माहीत आहे.

अखेर मी निष्कर्षाला पोचलो आणि तो कुंदाताईंना ऐकवायला गेलो. त्या औषधांच्या बाटल्या मांडत होत्या.

"अंगात येणे या प्रकाराचा मी पुष्कळ अभ्यास केला आहे," मी म्हणालो. "माणूस एकटा असताना त्याच्या अंगात सहसा येत नाही. ठरलेली जागा लागते, पाहणारे लोक लागतात. या दिव्याचे वर्तन नेमके तसेच आहे. देवाच्या जागी, मी ऐकायला सज्ज असताना, आणि सुखदेव त्या देवाविषयी बोलत असतानाच तो लागतो."

"म्हणजे सुखदेव दिवा लावतो?"

"'लावतो' हे क्रियापद मी वापरणार नाही. दिवा लागावा अशी परिस्थिती तो निर्माण करतो, कदाचित नकळत."

"म्हणजे लावतो."

"ढोबळमानाने, हो."

दाराशी खोकल्याचा आवाज झाला. सुखदेव तिथे कधीचा उभा होता, कुणास ठाऊक. त्याने काळा चष्मा काढला. त्याचे डोळे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. त्याने गाडीची किल्ली औषधांच्या बाटल्यांमध्ये ठेवली.

"सर, घरच्या बैलाले मी इतकं जपत नाई जेवढं या गाडीले जपतो. अन् तुमी म्हन्ता मी नाटक करून राह्यलो. चालवा मंग तुमीच."

मला गाडी चालवता येत नव्हती, हे त्याला ठाऊक होते. पण कुंदाताईंना येत होती. त्या म्हणाल्या, "चला. आत्ताच पाहू." सुखदेवला आवारात ठेवून आम्ही दोघेच ढिगापाशी गेलो. प्रयोग काटेकोर व्हावा म्हणून मी यंत्र लावले. कुंदाताईंनी गाडी हलवली.

घुर्र. दिवा.

कुंदाताईंनी दिव्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "सुखदेव तर आवारात आहे," त्या म्हणाल्या. "आता मीच नाटक करते आहे का?"

या ठिकाणी सभ्य माणसाने परत जाऊन सुखदेवची माफी मागितली असती. मी नवी उपपत्ती मांडली.

त्याचे असे झाले, की जर्मन पुस्तकात वाचलेला आणखी एक तपशील मला आठवला. अँटिलॉकच्या योजनेत प्रत्येक चाकापाशी एक चुंबक बसवलेला असतो. चाक किती वेगाने फिरते हे त्यावरून यंत्राला कळते. आणि गडचिरोलीच्या डोंगरांत लोखंडाचे दगड आहेत, हे तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. झाले. वाटेवरचा देव लोहखनिजाच्या थरावर बसला आहे, त्या लोखंडाने चाकांचे चुंबक गोंधळतात, दिवा लागतो. प्राचीन काळी वाटसरूंना त्या जागी काही वेगळे जाणवले असेल आणि त्यातूनच डहाळी ठेवण्याचा आचार जन्मला असेल. लोकश्रद्धेला भूगर्भाचा आधार. त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. पुण्याच्या परिषदेत हा निबंध वाचताना मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहतात, इथपर्यंत मी जाऊन आलो होतो.

शिबिराचा दिवस उद्यावर आला. कुंदाताईंनी सरळ मार्ग सुचवला. "सकाळच्या एस.टी.ने पाठवू या मैनाबाईंना. सुखदेव सोबत जाईल."

"कशाला?" मी म्हणालो. "त्यांना चार जणांच्या धक्क्यांत चढवायचे, आष्टीला उतरवायचे, पुन्हा दुसरी गाडी. ढिगाला वळसा घालून जाऊ. जंगलातून लाकडाच्या गाड्यांची एक वाट आहे, ती पुढे रस्त्याला मिळते. लोखंड टाळले की दिवा लागणार नाही. माझी हमी."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. पण जर्मन पुस्तक मी वाचले होते, त्यांनी नव्हते. शिकलेल्या माणसाच्या हमीत हीच गैरसोय असते, समोरच्याला ती खोडता येत नाही.

सुखदेवला त्यांनीच समजावून परत आणले. तो माझ्याशी बोलत नव्हता. सकाळी मैनाबाई आल्या, धुतलेले लुगडे नेसून, हातात पितळी डबा. त्यांना मागच्या बाकावर कुंदाताईंशेजारी बसवले. सुखदेव म्हणाला, "ताई, पहिले देवापाशी जाऊ, डहाळी ठेवू, मंग निघू." मी म्हणालो, "तिकडेच तर जायचे नाही." त्याने गाडी गिअरमध्ये टाकली ती माझ्याऐवजी स्टिअरिंगकडे रागाने पाहत.

जंगलाची वाट सुरू झाली. आवारातून निघतानाच मोटर एकदा खणखणीत घुर्र होऊन गप्प बसली होती. दिवा नाही. मी मागे वळून कुंदाताईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. थोडी का होईना, हलवली. आयुष्यात काही क्षण असे असतात की तिथेच गाडीतून उतरून घरी जावे.

सागाच्या पानांतून ऊन येत होते. मैनाबाईंनी विचारले, "डॉक्टरीनबाई, मले दिसल काय खरंच?"

"दिसेल."

"वावरातला पानी दिसल?"

"सगळे दिसेल, आजी."

मैनाबाईंनी डबा बाजूला ठेवला. मग त्यांनी गुडघ्यावर बोटांनी ताल धरला आणि त्या गाऊ लागल्या. तेच गाणे. ज्याच्यासाठी मी त्यांच्या ओसरीवर बसून बसून पाठ धरून घेतली होती, तेच. मोकळ्या, किंचित चिरलेल्या आवाजात, चिखलातून पाय ओढत पुढे सरकणाऱ्या बायकांच्या लयीत.

मी काय केले असेल?

वाट उतारावरून एका नाल्यात शिरत होती. नाल्यात पाणी नव्हते, कोरडी वाळू होती. सुखदेवने वेग धरला होता, वाळू एका दमात पार करायची असते. मी पायाशी वाकलो, यंत्र मांडीवर घेतले आणि प्लग खोचला.

"दिवा," सुखदेव ओरडला, आणि कायद्याप्रमाणे त्याने ब्रेक मारला.

गाडी वाळूच्या ऐन मध्यावर थांबली. मागची चाके हळूच खाली बसली, म्हातारी माणसे बसतात तशी. गाणे तुटले. मैनाबाईंनी विचारले, "आलं काय चंद्रपूर?"

आसपास ढीग नव्हता. देव नव्हता. वाळू होती, पांढरी स्वच्छ, लोखंडाचा कण नसलेली. माझी उपपत्ती मी माझ्या डोळ्यांनी मरताना पाहिली, आणि खरे सांगतो, त्या वेळी मला मैनाबाईंच्या आधी तिचीच हळहळ वाटली. या हकीकतीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कोणती म्हणाल, तर ती ही.

"सर," सुखदेव सकाळपासून प्रथमच माझ्याशी बोलला, "लोखंड कुठी हाये इथी?"

कुंदाताई खाली उतरायला निघाल्या आणि त्यांचा पाय कशात तरी अडकला. त्यांनी वाकून पाहिले. माझ्या आसनाखालच्या पायपुसण्यातून एक लांब वायर मागे आली होती. ती त्यांनी ओढली, तेव्हा माझ्या मांडीवरचा टेपरेकॉर्डर हलला. दुसऱ्या बाजूने ओढली, तेव्हा ती बॉनेटच्या दिशेने ताणली गेली.

"ही कुठे जाते, सर?"

"पुढे," मी म्हणालो.

"पुढे कुठे?"

त्या उतरल्या. सुखदेवने बॉनेट उघडले. त्या दिवशी त्याला विदेशी इंजिनाचे भय उरले नव्हते. मीही उतरलो. आम्ही तिघे त्या दोन चिमट्यांकडे पाहत उभे राहिलो. ते मी ज्या वायरीला लावले होते ती तिथली सर्वांत जाड वायर होती. जाड वायरीत वीज भरपूर असणार, असा मी विचार केला होता. ती पंपाच्या मोटरीची वायर होती. चिमटे बसावेत म्हणून मी तिचा जोड थोडा सैल केला होता. माझे यंत्र वीज मागू लागले की त्या सैल जोडातून मोटरीपर्यंत पुरेशी पोचेना, मोटरीचा घसा बसे आणि दिवा लागे. यंत्र काढून गाडी पुन्हा चालू केली, की सारे पूर्ववत.

"या वायरीला दुसरे काही जोडू नये असे पुस्तकात लिहिलेले नाही का?" कुंदाताईंनी विचारले.

"लिहिले आहे," मी म्हणालो. "ठळक अक्षरांत."

"तुम्ही वाचले होते?"

"सुखदेवला मोठ्याने वाचून दाखवले होते. त्याने काही जोडू नये म्हणून."

सुखदेवने चिमटे काढले, जोड आवळला आणि गाडी चालू केली. दिवा विझला. आतून मैनाबाईंनी हाक दिली, "काय झालं रे बापू? देव कोपला काय?"

"नाई आजी," सुखदेव म्हणाला, "देव नव्हता. सर होते."

पण गाडी अजून रुतलेलीच होती आणि सूर्य वर चढत होता. शिबिरात नावे दुपारपर्यंतच घेणार होते. चाकांखाली डहाळ्या घातल्या. कुंदाताई आत बसल्या, कारण मैनाबाईंना धरून ठेवायला कुणी तरी हवे होते, ढकलायला मी. माझा टेपरेकॉर्डर कुंदाताईंनी स्वतःच्या हाताने बाहेर आणून वाळूवर ठेवला होता. गाडीने दोनदा माझ्या तोंडावर वाळू उडवली, तिसऱ्यांदा ती सुटली आणि सरसर समोरचा काठ चढून गेली.

ती थांबली नाही. काठावर थांबली असती तर पुन्हा मागे घसरून रुतली असती, हे मला तिथेही पटले. ती त्यापुढेही थांबली नाही, तेही पटले.

यंत्र खांद्यावर घेऊन मी जवळच्या पाऊलवाटेने रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि बाहेर पडलो तो नेमका त्या ढिगापाशी. एस.टी. यायला वेळ होता. मी सभोवार पाहिले, एक चांगली ओली डहाळी मोडली आणि देवापाशी ठेवली. पुष्कळ वर्षे मी हा आचार दुसऱ्यांना करताना पाहिला होता. त्या दिवशी केला तो अभ्यास म्हणून नव्हे. मैनाबाई वेळेत पोचू देत, एवढेच मागितले. यंत्र बंद होते.

आष्टीपर्यंत आणि तिथून गोंडपिपरी, बल्लारपूरमार्गे चंद्रपूरपर्यंत मी खिडकीतून प्रत्येक वळणावर ती पांढरी गाडी शोधत होतो. कुठे बंद पडून उभी दिसली नाही, यावर समाधान मानत होतो. इस्पितळात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. कुंदाताई व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी काही विचारण्याआधी त्यांनीच सांगितले.

"झाले ऑपरेशन. अगदी शेवटचे नाव घेतले. तुमच्यामुळे नाही, तुमच्याशिवाय."

सुखदेव आवारात गाडी पुसत होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. इतकी वर्षे व्याख्याने दिली, पण त्या वेळी वाक्य जुळेना. अखेर म्हणालो, "सुखदेवभाऊ, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माझी चूक झाली." त्याला मी अहो-जाहो केलेले ते पहिलेच.

त्याने कंगवा काढून केस नीट केले. "राग नाई जी मले. पन एक सांगा. दिवा मी लावतो, हे तुमच्या लिखानात लिवलं होतं काय?"

"लिहिले होते. खोडून टाकीन."

"खोडू नका," तो म्हणाला. "निस्तं नाव बदला. दिवा कोन लावते, हे लोकाईले समजलं पाहिजे."

डोळ्यांवरची पट्टी काढण्याच्या दिवशी मी इस्पितळाच्या वॉर्डाशी गेलो. आत जावे की न जावे, असे करत बराच वेळ दाराबाहेर रेंगाळलो. डोळ्यांना उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले होते. खोलीत मधोमध एकच बल्ब जळत होता, वर पंखा फिरत होता. कुंदाताईंनी मैनाबाईंची पट्टी हलक्या हाताने सोडवली. 

"काय दिसते, आजी?"

मैनाबाईंनी डोळे मिचकावले. "तुमी दिसता," त्या म्हणाल्या. "लय लहान हाये तुमी, पोरीसारक्या. अन् हे बलप दिसते. पंखा दिसते. फिरून राह्यला." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि त्या हसत होत्या.

मला वाटले, आता जावे, पायाशी वाकावे, काही न बोलता क्षमा मागावी. मी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकले.

आणि वीज गेली. ज्या गावाच्या उशाशी औष्णिक वीजकेंद्राचे एवढे मोठे ऊर्जानगर वसले आहे, त्या गावातली वीज, भर दुपारी. बल्ब विझला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. पडद्यांमुळे सगळा वॉर्ड काळोखात बुडाला.  मी एक अक्षरही उच्चारले नव्हते, श्वाससुद्धा जपून घेत होतो. तरी त्या अंधारातून मैनाबाईंचा आवाज आला, शांत, ओळखीचा:

"सर आले वाटते."